थायरॉइडचा आकडा लॅबगणिक बदलू नये : सोलापूरच्या लॅबचालकांना आणि आरोग्य यंत्रणेला खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील सर्व पॅथॉलॉजी लॅबचे चालक आणि पॅथॉलॉजिस्ट,
सोलापूर महानगरपालिका आणि जिल्हा परिषद यांचे आरोग्य अधिकारी,
डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा जीवरसायनशास्त्र विभाग

विषय : थायरॉइडच्या रक्ततपासण्यांत लॅबनुसार पडणारा फरक

स. न. वि. वि.

मी पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे, औषधाचं दुकान चालवते. थायरॉइडची गोळी मी रोज विकते आणि बरीच वर्षं स्वतःही घेते. एकाच सकाळी काढलेल्या माझ्या रक्ताचे दोन लॅबचे दोन वेगळे रिपोर्ट जोडून मी एका सरकारी कार्यालयात विचारलं होतं, की अशा फरकाची शहानिशा कोण करतं? उत्तर मिळालं, ‘खासगी लॅबचे रिपोर्ट आमच्या अखत्यारीत येत नाहीत.’ लॅबवाल्यांना विचारलं, तर दोघांचंही म्हणणं एकच : आमचं मशीन बरोबर आहे, एवढा फरक चालतो. कोणाचंच काही चुकलेलं नाही आणि डोस मात्र माझा बदलला, हे मला गप्प बसून मान्य करता येत नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

घडलं ते असं. माझा डोस ७५ मायक्रोग्रॅमवर स्थिर होता, टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं हॉर्मोन, थायरॉइड कमी पडलं की हा आकडा चढतो) तीन-साडेतीनच्या आसपास असायचा, तब्येतीची काही तक्रार नव्हती. मग माझ्या डॉक्टरांच्या दवाखान्यातले नमुने दुसऱ्या लॅबकडे जायला लागले. पहिल्याच रिपोर्टमध्ये टीएसएच ५.१ आला, शेजारी ठळक अक्षरात ‘हाय’. डॉक्टरांनी समोरच्या आकड्यावर विश्वास ठेवून गोळी १०० ची केली. त्यांनी दुसरं काय करावं? दोन महिन्यांत माझी झोप गेली, काउंटरवर सुट्टे मोजताना बोटं थरथरायला लागली, जिना चढताना छातीत धडधड. जुन्या लॅबमध्ये तपासलं तर टीएसएच ०.२५. डोस पुन्हा ७५ वर आला, तब्येत रुळावर आली. त्यानंतर डॉक्टरांच्याच सांगण्यावरून एका सकाळी, गोळी घेण्याआधी, एकाच सुईने दोन ट्यूब भरल्या आणि दोन लॅबना पाठवल्या. एकीकडे ३.२, दुसरीकडे ४.४. पहिल्या लॅबची वरची मर्यादा ४.२, दुसरीची ४.०. एकाच बाईचं एकाच वेळचं रक्त एका कागदावर नॉर्मल आणि दुसऱ्यावर आजारी ठरलं.

मला वाचता येतं, डॉक्टरांशी बोलता येतं, दोनदा तपासणी परवडते. माझ्या दुकानात येणाऱ्या बहुतेक बायकांना यातलं काहीच नाही. विड्या वळणाऱ्या, टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या या बायकांची दोन दिवसांची मजुरी एका थायरॉइडच्या तपासणीत जाते. विडी घरकुलातून येणाऱ्या एका मावशींनी मध्यंतरी दोन रिपोर्ट माझ्यापुढे ठेवले. आधीच्या लॅबमध्ये फ्री टी४, म्हणजे थायरॉइडच्या टी४ हॉर्मोनचा रक्तातला मोकळा भाग, होता १.१, नव्या लॅबमध्ये १४.२. ‘अक्का, एकाचं चौदा झालंय बघा. आता मी वाचते का नाही?’ पहिला आकडा नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये होता, दुसरा पिकोमोल प्रति लिटरमध्ये. १.१ ला १२.८७ ने गुणलं की १४.२ येतात. म्हणजे मावशींच्या रक्तात काहीही बदललेलं नव्हतं. पण दोन रिपोर्टच्या मधले दिवस त्यांनी कसे काढले असतील, याचा विचार त्या बारीक अक्षरात एकक छापणाऱ्यांनी करावा.

असे रुग्ण थोडेथोडके नाहीत. देशातल्या आठ मोठ्या शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ११ टक्के प्रौढांमध्ये हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड कमी पडण्याचा आजार, आढळला. त्या आठांत सोलापूर नव्हतं, पण माझ्या दुकानातली शंभर गोळ्यांची बाटली किती लवकर संपते ते मी पाहतेच.

आता लॅबवाल्यांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट आधी सांगते. माझ्या दोन्ही रिपोर्टपैकी एकही खोटा नसेल. दोन्ही मशीन आपापल्या किटप्रमाणे, म्हणजे तपासणीसाठी वापरायच्या रसायनांच्या संचाप्रमाणे, बरोबर चालत असतील. मुळात घोळ किटच्या पातळीवर आहे. टीएसएच हा एकाच साच्यातून निघालेला रेणू नाही. त्याला साखरेच्या साखळ्या जोडलेल्या असतात आणि त्या कमीजास्त असल्यामुळे रक्तात त्याची अनेक रूपं फिरत असतात. प्रत्येक कंपनीच्या किटमधली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) त्यातली काही रूपं जास्त ओळखतात, काही कमी. जागतिक आरोग्य संघटनेचं टीएसएचचं प्रमाणद्रव्य, म्हणजे मोजमाप ताडून पाहायचा ठरलेला नमुना, आहे, सगळी किट्स त्याच्याशी नातं सांगतात, तरी माणसाच्या रक्तावर लावली की त्यांचे आकडे जुळत नाहीत.

फ्री टी४ चं तर आणखी अवघड. रक्तातला जवळजवळ सगळा टी४ प्रथिनांना चिकटलेला असतो. मोकळा असतो तो टक्क्याचा काही शतांश भाग, आणि शरीराच्या कामाला येतो तो तेवढाच. तो थेट मोजायचा तर रक्तद्रव बारीक पडद्यातून गाळून मोकळा भाग वेगळा करावा लागतो आणि मग मास स्पेक्ट्रोमीटर या रेणू ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर मोजावा लागतो. रोजच्या लॅबमधली किट्स हे करत नाहीत, ती आडून अंदाज बांधतात. हे अंदाज एकमेकांशी जुळत नाहीत आणि बहुतेक किट्सचा आकडा त्या मूळ पद्धतीपेक्षा कमीच येतो.

यावर उपाय निघालेला आहे, आणि मला सर्वांत जास्त खुपतं ते हेच. आयएफसीसी या प्रयोगशाळा-वैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने थायरॉइडच्या तपासण्यांसाठी खास समिती नेमली. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या प्रयोगशाळेने फ्री टी४ ची ही मूळ पद्धत ‘संदर्भ पद्धत’ म्हणून बसवली. अमेरिकेची सीडीसी ही सरकारी रोगनियंत्रण संस्था आता फ्री टी४ साठी प्रमाणीकरणाचं काम चालवते. टीएसएचला अशी मूळ पद्धत नाही म्हणून वेगळा मार्ग काढला : खऱ्या रुग्णांचे रक्तनमुने सगळ्या कंपन्यांच्या किटवर तपासायचे, त्यातून एक सामाईक मूल्य काढायचं आणि प्रत्येक किटने आपलं मोजमाप त्याच्याशी जुळवून घ्यायचं. २०१७ मध्ये या कामाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. किट्सचे आकडे एकमेकांच्या बरेच जवळ आणता येतात हे त्यात दिसलं. जपानमध्ये थायरॉइडतज्ज्ञांनी टीएसएचची अशी एकरूपता प्रत्यक्ष हाती घेतली आहे.

हे जमतं का, असं कोणी विचारलं तर शुगरच्या रुग्णाला विचारा. एचबीए१सी ही तीन महिन्यांची शुगर सांगणारी तपासणी एके काळी अशीच लॅबगणिक वेगळी यायची. अमेरिकेत १९९६ मध्ये तिच्या प्रमाणीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला, कंपन्यांना किट्स त्याला जुळवून घ्यावी लागली, आणि आज सात म्हटलं की सोलापूरच्या डॉक्टरांना आणि पुण्याच्या डॉक्टरांना एकच अर्थ कळतो. थायरॉइडच्या रुग्णांना हाच न्याय हवा आहे.

भाजी मंडईतल्या काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का असतो आणि तो नसेल तर दंड होतो. पाव किलो गवारीला जी हमी मिळते, ती टीएसएचला मिळत नाही. ज्या गोळीचा डोस या आकड्यावर ठरतो ती बाजारात साधारण १२.५ मायक्रोग्रॅमच्या पावलांनी मिळते : ५०, ६२.५, ७५, ८८, १००. इतक्या बारकाईने डोस ठरवावा लागतो, कारण थोडा जास्त झाला तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि उतारवयातल्या बायकांची हाडं झिजतात. कमी पडला तर बाई दिवसभर मरगळलेली राहते, पाळीच्या तक्रारी सुरू होतात, कोलेस्टेरॉल वाढतं. औषध बनवणाऱ्याने एवढी काळजी घ्यायची आणि मोजणाऱ्याने ‘फरक चालतो’ म्हणायचं, हे मला औषधविक्रेती म्हणून पटत नाही.

माझ्या तक्रारी सांगते.

पहिली, रिपोर्टवर पद्धतीच्या जागी ‘क्लिया’ (रसायनातून निघणारा प्रकाश मोजण्याची पद्धत) एवढाच शब्द असतो. कोणतं मशीन, कोणत्या कंपनीचं किट, काही नाही. पुष्कळ वेगवेगळी किट्स क्लियाच असतात, त्यामुळे त्या शब्दावरून डॉक्टरांना आजचा आकडा मागच्याशी ताडून पाहता येत नाही. लॅबने मध्येच मशीन बदललं तरी रुग्णाला कळत नाही, डॉक्टरांनाही कळत नाही. मर्यादेखाली आलेला किंवा मर्यादेच्या वर गेलेला आकडा आजारामुळे तिकडे गेला की किटमुळे, हे ओळखायला काही आधारच उरत नाही.

दुसरी, नमुना कधी घेतला याला कोणी महत्त्व देत नाही. टीएसएच रात्री आणि पहाटे जास्त असतो, दुपारी उतरतो. गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी४ चढलेला असतो. तरी सकाळी गोळी घेतलेल्या बाईचं रक्त दुपारी बाराला काढलं जातं, आणि रिपोर्टवर छापली जाते ती नमुना लॅबमध्ये पोचल्याची वेळ. करमाळा किंवा मंगळवेढ्याहून निघालेला नमुना मे महिन्याच्या उन्हात मोटारसायकलवरच्या पिशवीतून येतो तेव्हा तो थंड पेटीत होता की नव्हता, याची नोंद मी तरी एकाही रिपोर्टवर पाहिलेली नाही.

तिसरी तक्रार माझ्या काउंटरवरची आहे, म्हणून जरा सविस्तर. केस गळतात म्हणून बायोटिन या ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या हल्ली सर्रास घेतल्या जातात. थायरॉइड कमी असलं की केस गळतातच, त्यामुळे ज्यांना ही तपासणी लागते त्याच बायका बायोटिनही घेतात. बऱ्याच किट्सची रचना बायोटिन आणि त्याला घट्ट धरणारं स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन यांच्या जोडीवर उभी असते. रक्तात बायोटिन जास्त असलं की अशा किटवर टीएसएच खोटा कमी येतो आणि फ्री टी४ खोटा जास्त. कागदावर थायरॉइड उतू चाललेलं दिसतं आणि बाईला आजार उलटाच असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने याबद्दल नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर इशारा दिला होता. तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवा, एवढं सांगितलं की काम होतं. मी माझ्याकडच्या प्रत्येक बाईला विचारलं आहे, रक्त काढताना तुम्हाला कोणी केसांच्या गोळीबद्दल विचारलं का? ‘हो’ म्हणणारी अजून भेटलेली नाही. डोस जास्त असलेल्या या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळतात, जाहिराती बघून मागवल्या जातात आणि बायका त्यांना औषध समजतच नाहीत. म्हणून ‘काही औषध चालू आहे का?’ असं मोघम विचारून भागत नाही, गोळीचं नाव घेऊनच विचारावं लागतं.

चौथी, गरोदर बायका. केंद्र सरकारने २०१४ मध्ये गरोदरपणातल्या हायपोथायरॉइडिझमच्या तपासणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पहिल्या तिमाहीसाठी टीएसएचची रेष २.५ वर आहे, नंतरच्या तिमाहींसाठी ३ वर. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनने २०१७ मध्ये आपली भूमिका बदलली आणि स्थानिक लोकसंख्येवरून काढलेली मर्यादा हाताशी नसेल तर ४ च्या आसपासची रेष धरायला सांगितलं. म्हणजे आधीच डॉक्टरांपुढे दोन रेषा आहेत. त्यात किट-किटमधला फरक मिसळला की पहिलटकरीण पोरगी एका लॅबच्या रिपोर्टवर नऊ महिने गोळी खाते आणि दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टवर बिनगोळीची राहते. आणि आपल्या बहुतेक लॅबच्या रिपोर्टवर गरोदर बाईलाही तीच मर्यादा छापून येते, जी मला येते.

पाचवी, सही. पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही लॅबच्या रिपोर्टवर हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. तरी रिपोर्टखाली छापील सही असते आणि त्या सहीमागच्या माणसाशी बोलायचं म्हटलं की ‘सर आज नाहीत’. माझे दोन रिपोर्ट शेजारी ठेवून मला समजावून सांगणारं कोणी भेटलं असतं, तर कदाचित हे पत्र मी लिहिलंच नसतं.

शिबिरांबद्दलही बोलते. पन्नास तपासण्यांचं पॅकेज, त्यात थायरॉइड मोफत. बचत गटाच्या बायकांच्या रांगा लागतात, आठवड्याने रिपोर्ट येतो, ठळक ‘हाय’ बघून निम्म्या घाबरतात आणि उरलेल्या तो कपाटात ठेवून देतात. शिबिर घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या भेटीची सोय करायची नसेल, तर थायरॉइडची तपासणी त्या पॅकेजमधून काढून टाकावी.

माझ्या मागण्या अशा आहेत. यातली एकही सोलापूरच्या आवाक्याबाहेरची नाही.

लॅबचालकांकडे : प्रत्येक थायरॉइड रिपोर्टवर मशीन आणि किटचं नाव, रक्त काढल्याची वेळ आणि गोळी आधी घेतली होती की नाही, हे छापा. फ्री टी४ चं एकक सोलापुरातल्या सगळ्या लॅबनी एकच ठेवा. कोणतं, ते तुमच्या संघटनेने बसून ठरवा. किट किंवा मशीन बदलण्याआधी काही नमुने जुन्या-नव्या दोन्हींवर चालवा आणि काय फरक पडतो ते डॉक्टरांना लेखी कळवा. बायोटिनचा प्रश्न रक्त काढणाऱ्या मुलाला किंवा मुलीला पाठ करून द्या. गरोदर बाईच्या रिपोर्टवर तिच्या तिमाहीची मर्यादा छापा.

बाह्य गुणवत्ता तपासणीत, म्हणजे बाहेरून आलेले नमुने तपासून उत्तर पाठवण्याच्या कार्यक्रमात, भाग घ्या आणि तो घेतल्याचं प्रमाणपत्र चालू वर्षाच्या तारखेसह दर्शनी भागात लावा. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधून असा कार्यक्रम देशभरासाठी चालतो, हॉर्मोन्सच्या तपासण्याही त्यात आहेत. एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता ऐच्छिक असल्यामुळे सगळ्या लहान लॅबना ती लगेच झेपणार नाही, हे मी समजू शकते. पण आपण पाठवलेलं उत्तर बाकीच्यांच्या तुलनेत कुठे बसतं, एवढं पाहायला काय अडचण आहे?

मात्र तेवढ्याने माझा प्रश्न सुटत नाही, कारण अशा कार्यक्रमांत लॅबची तुलना बहुधा तेच किट वापरणाऱ्या लॅबशी होते. तुम्ही तुमचं किट नीट चालवता, एवढंच त्यातून ठरतं. तुमचं किट आणि शेजारच्या लॅबचं किट जुळतं का, हे कळत नाही. म्हणून वैद्यकीय महाविद्यालयाच्या जीवरसायनशास्त्र विभागाला माझी विनंती आहे, की वर्षातून एकदा तरी खऱ्या रक्तद्रवाचे नमुने, म्हणजे कमी, मध्यम आणि जास्त टीएसएचचे, छोट्या कुप्यांत वाटून जिल्ह्यातल्या इच्छुक लॅबना पाठवावेत आणि कोणत्या किटवर काय आकडा आला ते एका तक्त्यात प्रसिद्ध करावं. लॅबची नावं हवी तर झाका. किटची नावं झाकू नका. असा तक्ता हाताशी असता तर माझे ५.१ बघून डॉक्टरांनी गोळी वाढवण्याआधी तो उघडून पाहिला असता. हे काम करायला तुमच्याकडे माणसं आहेत, शीतपेट्या आहेत आणि शिकणारी मुलं आहेत. एखाद्या विद्यार्थ्याचा प्रबंधही त्यातून उभा राहील.

महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे : सरकारी दवाखान्यांतले नमुने ज्या लॅबकडे जातात, त्यांच्या निविदेत सर्वांत कमी दराबरोबर बाह्य गुणवत्ता तपासणीची आणि किट जाहीर करण्याची अट घाला. ठेकेदार बदलला आणि त्याबरोबर किट बदललं, तर गरोदर बायकांचे जुने-नवे रिपोर्ट सरळ शेजारी ठेवू नका, असं परिपत्रक प्राथमिक आरोग्य केंद्रांना जाऊ द्या. केंद्राचा दवाखाने आणि लॅबच्या नोंदणीचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही, म्हणून लॅबवर थेट हात चालत नाही, हे तुम्ही सांगाल. मग लॅबसाठी राज्याने स्वतःचा कायदा करावा, अशी लेखी शिफारस तुम्ही वर पाठवा आणि तिची प्रत लोकांना दाखवा. २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली आयात होणाऱ्या किट्सना परवाना केंद्राची औषध नियंत्रण यंत्रणा देते. कंपनीने आपलं किट आयएफसीसीच्या सामाईक मूल्याशी किंवा संदर्भ पद्धतीशी जुळवलं आहे की नाही, हे खोक्यावर छापायला लावा, असंही त्या पत्रात असू द्या.

आकडे सगळीकडे एकदम जुळवले तर गोंधळ होईल, जुने आणि नवे आकडे वेगळे दिसतील, डॉक्टरांना नव्या मर्यादा शिकाव्या लागतील, हा आक्षेप मला माहीत आहे. फ्री टी४ च्या बाबतीत जगभर काम रेंगाळण्याचं हे एक मोठं कारण आहे आणि ते खोटं नाही. पण गोंधळ आजही आहेच. फरक इतकाच, की आज त्याचा भुर्दंड एकेकटी बाई आपल्या घरात भरते आहे आणि तो कोणाच्या हिशेबात येत नाही.

वाचणाऱ्या रुग्णांसाठी दोन ओळी. जमेल तोवर लॅब बदलू नका, तपासणी सकाळी गोळी घेण्याआधी करा आणि जुने रिपोर्ट जपून ठेवा. डोस स्वतःच्या मनाने वाढवू नका, कमी करू नका. दोन रिपोर्ट जुळत नसतील तर दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा आणि किटचं नाव लॅबला लेखी मागा.

या पत्राची प्रत वर लिहिलेल्या प्रत्येक कार्यालयात मी देते आहे आणि तिची पोच घेऊन ठेवणार आहे. किटचं नाव छापायला पैसे लागत नाहीत, त्यामुळे ते पुढच्या महिन्यापासून दिसावं. नमुने वाटून होणारी पहिली तुलना येत्या जानेवारीत, गड्ड्याची यात्रा भरण्याच्या आत, व्हावी अशी माझी मागणी आहे. त्यासाठी स्वतःचं रक्त द्यायला मी तयार आहे, आणि माझ्या गिऱ्हाइकांपैकी पुष्कळजणी तयार आहेत.

कळावे,

आपली,
एक औषधविक्रेती आणि थायरॉइडची रुग्ण
पूर्व भाग, सोलापूर